वाहनातील जागा
(ज्ञातिमंडळाच्या कळंब येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



श्रीचिंतामणीच्या या कळंबास २०२४ च्या फेब्रुवारीत वर्ध्याची आगगाडी जोडली गेली. तिकीट काढावे आणि मिळेल तेथे बसावे, यात आपल्या मुलांना काही विशेष वाटत नाही. हे साधे सुख पूर्वी कोणास नाकारले गेले, ते आज निवेदन करावयाचे योजिले आहे.

१९०१ साली वडिलांकडे गोरेगावास निघालेला बालवयातील भीमराव भावंडांसह मसूर स्थानकावर उतरला. मुले महारांची आहेत असे कळताच एकही गाडीवान गाडी देईना. अखेर दुप्पट भाडे ठरले. मुलांनीच बैल हाकावे व गाडीवानाने बाजूने पायी चालावे! पैशाचा विटाळ नव्हता, शेजाराचा मात्र होता. पुढे १९२९ मध्ये बॅरिस्टर झालेल्या त्याच बाबासाहेबांना चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी नाकारले. मग वस्तीतील एका नवख्या माणसाने टांगा हाकला, पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. ते टांगेवाले कोणी जहागीरदार नव्हते. ते आपल्यासारख्याच एखाद्या कष्टकरी ज्ञातीचे असतील, हे मनात ठेवूनच आपण ऐकावे अशी विनंती आहे.

अशीच प्रथा अमेरिकेत कायद्याच्या आधाराने चालू होती. २ मार्च १९५५ रोजी माँटगोमेरी शहरात क्लॉडेट कोल्विन ही पंधरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी शाळेतून बसने घरी निघाली होती. गोऱ्या बाईसाठी जागा सोडण्यास तिने नकार दिला. पोलिसांनी तिला बेड्या घातल्या. रोझा पार्क्स यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. पण त्यांच्या अटकेच्या नऊ महिने आधीची ही गोष्ट. त्याच ऑक्टोबरात अठरा वर्षांची मेरी लुईस स्मिथ हीही अशीच पकडली गेली. (आपल्याकडे अस्पृश्यता गुन्हा ठरविणारा व सार्वजनिक वाहनांनाही लागू होणारा कायदा त्याच वर्षी १ जूनपासून अमलात आला, हा योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे.)

परंतु क्लॉडेटला तिच्याच समाजातील पुढाऱ्यांनी पुढे केले नाही. कोवळे वय, गरीब घर आणि पुढे आलेले अविवाहित मातृत्व! चळवळीस शोभेलसा चेहरा हवा होता. त्यांची अडचण मला समजते, तरी ते मनास पटत नाही. गुणगौरवासाठी नावे निवडताना आपली मंडळेही घराणे पाहतातच की!

तरीही १९५६ साली न्यायालयात साक्ष देणाऱ्या चार वादी स्त्रियांत या दोघी होत्या. जूनमध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. डिसेंबरात, ३८१ दिवसांच्या बहिष्कारानंतर, त्या शहरातील बसमधील भेद संपला. क्लॉडेटच्या नावावरील गुन्ह्याची नोंद मात्र २०२१ च्या अखेरीस पुसली गेली. तेव्हा ती ८२ वर्षांची होती.