विकासाचा पैसा आणि गांवची सभा

(सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत दिलेलें भाषण)



उत्सवाच्या दिवशीं जमाखर्चाचा विषय काढणें कांहींसें अप्रशस्त वाटेल. परंतु मला आज तोच बोलावयाचा आहे, तरी क्षमा असावी.

कांहीं वर्षांपूर्वीं एका गांवच्या ग्रामसभेस बसण्याचा मला योग आला. ठरल्या दिवशीं पुरेशीं माणसें न जमल्यामुळें सभा तहकूब झाली होती व ही तिची दुसरी बैठक होती. पहिल्या बैठकीस मतदारांपैकीं शेंकडा १५ किंवा १०० मतदार, यांतील कमी असेल तितकी गणपूर्ति लागते; तहकूब सभेस मात्र ती अट नाहीं, असा आपल्या राज्याचा कायदा आहे. त्या दिवशीं गांवचे तेराजण होते. अर्ध्या तासांत वर्षाचा आराखडा मंजूर झाला, आणि त्यांत वेशीवर कमान बांधण्याचें काम होतें. बाहेर नळापाशीं बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या. कायदा कोणीं मोडला नव्हता, लांचहि कोणीं खाल्ली नव्हती. म्हणूनच ती कमान माझ्या मनांतून जात नाहीं.

हा पैसा थोडाथोडका नसतो. २०२१ ते २०२६ या काळासाठीं पंधराव्या वित्त आयोगानें देशांतील ग्रामीण स्थानिक संस्थांस २,३६,८०५ कोटि रुपये देण्याची शिफारस केली. त्यांतील शेंकडा ६० भाग पिण्याचें पाणी व स्वच्छता यांसाठीं बांधून दिला. शेंकडा ४० भाग गांवच्या गरजेवर सोडला. हा मोकळा भाग कशावर खर्च व्हावा, हें सभेंत हजर असेल तोच ठरवितो.

केरळानें हें काम कसें केलें तें सांगण्याजोगें आहे. १७ ऑगस्ट १९९६ रोजीं तेथें लोकनियोजनाची मोहीम सुरू झाली व राज्याच्या योजनेच्या निधीपैकीं शेंकडा ३५ ते ४० भाग स्थानिक संस्थांच्या हातीं देण्याचें ठरलें. मोहिमेच्या मार्गदर्शक समितीचे अध्यक्ष ई. एम. एस. नंबुद्रीपाद होते. त्यांच्या मतांशीं आपलें पटणें कठीण. पण चांगली रीत कोणाकडूनहि घ्यावी. सभेंत भाषणें थोडकीं ठेवून लोकांचे शेती, पाणी, आरोग्य, शिक्षण असे विषयवार गट पाडीत. गर्दींत जो तोंड उघडीत नाहीं तो लहान गटांत बोलूं लागतो. त्या चर्चा व गांवांत जमविलेली माहिती यांवरून प्रत्येक पंचायतीनें आपला विकास-अहवाल लिहिला. पुढें अडचण आली ती अंदाजपत्रकांची. पूल हवा हें सर्वांस ठाऊक, पण त्याचा नकाशा व खर्च तपासावा कोणीं? त्यासाठीं निवृत्त अभियंते व इतर जाणकार यांचीं स्वयंसेवी पथकें उभीं राहिलीं. शेंकडा १० निधि स्त्रियांच्या कामांसाठीं राखावा, असेंहि ठरलें. सर्वत्र हें उत्तम चाललें असें मात्र नाहीं. कित्येक ठिकाणीं पुढें सभा रोडावल्या, आणि सुस्थितींतील माणूस तर प्रथमपासूनच तिकडे फारसा फिरकला नाहीं.

हा शेवटचा रोग आपल्या घरचाच आहे. ज्याच्या वाडींत विहीर आहे, ज्याचीं मुलें गाडीनें शहरांतल्या शाळेस जातात, त्याला ग्रामसभा कशाला? लहान समाज जें स्वतः करूं शकतो तें मोठ्यानें हिरावून घेऊं नये, असें तत्त्व अकरावे पायस यांनीं १९३१ सालच्या परिपत्रकांत मांडलें. आपल्या बाबतींत हिरावून घेणारा कोणी नाहीं. आपणच तें दारांत ठेवून घरीं बसलों आहों.

आपल्या भगिनींस एक विशेष सांगावयाचें आहे. ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी असा कायदाच आहे. ती सभा पुष्कळदां कागदावरच होते. नळाचें काम आराखड्यांत यावयाचें तर तें प्रथम तेथें लिहून घ्यावें व सहीची वही स्वतः पाहावी.

आतां माझी विनंती. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपूर्वींच्या रविवारीं, दुसऱ्या मिस्सानंतर, शाळेच्या दालनांत गेल्या वर्षाचा जमाखर्च व पुढील आराखडा मोठ्यानें वाचावा. आपल्यांत निवृत्त ओव्हरसियर आहेत, बँकेंतून निवृत्त झालेले आहेत, शिक्षक तर पुष्कळच आहेत. ज्यांना अंदाजपत्रक वाचतां येतें त्यांनीं आज जेवणापूर्वीं आपलीं नांवें कार्यालयांत द्यावीं. वही दाराजवळच्या मेजावर ठेविली आहे.