पुरुषाची ओसरलेली उमेद

बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या काळात उभ्या राहिलेल्या खंडेराव मार्केटात भाजीला जाणारा जाणता गृहस्थ सकाळची वेळ साधतो. माल तेव्हा ताजा असतो. पुरुषाच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन हा अंतःस्रावही सकाळी भरात असतो व दिवस चढेल तसा ओसरतो. म्हणून कामेच्छा मंदावली, दाढी विरळ झाली, अकारण थकवा व औदासीन्य आले, तर केवळ वयाला दोष देऊ नये. दोन निरनिराळ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त तपासून घ्यावे. दोन्ही वेळा प्रमाण कमी भरले, तरच कमतरता मानून तिचे कारण शोधावे. स्थूलता घटविल्यास पुष्कळदा प्रमाण सुधारते. ज्याला अपत्याची आस आहे, त्याने तर टेस्टोस्टेरॉनची सुई टोचून घेण्यापूर्वी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. कारण बाहेरून घेतलेल्या या द्रव्याने शुक्रजंतूंची निर्मितीच खुंटते.