अभिनयाचा भाव कोण ठरवितो?

(अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे नाट्यस्पर्धेच्या निमित्ताने जमलेल्या तरुण कलावंतांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'भाव' हा शब्द मराठी माणूस दोन ठिकाणी वापरतो. नाट्यगृहात नटाच्या चेहऱ्यावरचा भाव, आणि मार्केट यार्डात कांद्याचा भाव. पहिला पाहून कळतो, दुसरा लिलावात ठरतो. गेल्या काही दशकांत चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांच्या व्यवहारात या दोन अर्थांची सरमिसळ झाली असून, ज्या नटाचा बाजारभाव अधिक त्याच्या चेहऱ्यावरचा भावही अधिक खरा, असे सर्रास मानले जाऊ लागले आहे. ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण तिच्यामुळे नुसती कलेची हानी होत नाही. कोणाच्या श्रमाला श्रम म्हणावयाचे आणि कोणाच्या श्रमाला म्हणावयाचे नाही, हा जुनाच प्रश्न तिच्या आड दडलेला आहे.

प्रथम बाजाराची मापे पाहू. चित्रपटाचे तिकीट प्रेक्षक आत जाण्यापूर्वी काढतो. अभिनय पाहून झाल्यावर तो किंमत देत नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्याचा गल्ला हा जाहिरातीचा आणि अपेक्षेचा हिशेब असतो, अभिनयाचा नव्हे. दूरचित्रवाणीची प्रेक्षकसंख्या नमुन्यादाखल निवडलेल्या घरांतून मोजली जाते. संच किती वेळ चालू होता हे तीवरून कळते. समोर बसलेली गृहिणी डोळ्यांत पाणी आणून पाहत होती की भाजी निवडत होती, हे कळत नाही. आणि लोकप्रियतेच्या कौलाविषयी बोलावयाचे तर केन्सने १९३६ च्या आपल्या ग्रंथात शेअरबाजाराचे स्वरूप समजावून सांगताना वृत्तपत्रांतील सौंदर्यस्पर्धेचा जो दाखला दिला आहे, तो येथे चपखल बसतो. त्या स्पर्धेत बक्षीस मिळवावयाचे तर आपल्याला कोणता चेहरा सुंदर वाटतो ते सांगून उपयोग नाही. इतरांना कोणता वाटेल, किंबहुना इतरांच्या अंदाजाने इतरांना कोणता वाटेल, ते ओळखावे लागते. अशा रीतीने निघालेला निकाल सर्वांचा असतो, पण त्यात मत कोणाचेच नसते.

मग जाणकारांच्या समित्यांवर विसंबावे काय? गोविंद निहलानी यांच्या १९८३ सालच्या 'अर्धसत्य' या चित्रपटाचे उदाहरण घ्या. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली. अनंत वेलणकर या पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेबद्दल ओम पुरी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच हंगामात फिल्मफेअरने सर्वोत्कृष्ट अभिनेता म्हणून निवडले ते 'मासूम'मधील नसिरुद्दीन शहा यांना. दोन्ही निवडींच्या बाजूने बोलता येईल, आणि म्हणूनच दोहोंपैकी एकही निवड अंतिम प्रमाण ठरत नाही. पुरस्कार निकाल सांगतो, निकालाची कारणे सांगत नाही. आणि ज्या निकालाला कारणे नाहीत त्यापासून शिकावयाचे काय?

अडचण याहूनही खोल आहे. नगर जिल्ह्याला ती साखरेच्या उदाहरणाने सांगितलेली लवकर पटेल. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीला सहकारी कारखाना उभा राहिला, त्या गोष्टीला पाऊणशे वर्षे झाली. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या एका पोत्यात शेतकऱ्याचा वाटा किती, तोडणी कामगाराचा किती, गाडीवानाचा किती आणि यंत्राचा किती, हे पोते उघडून दाखविता येत नाही. साखर एकजीव असते. वाटा ठरतो तो ज्याच्या त्याच्या ताकदीप्रमाणे. चित्रपटातील अभिनयाचेही असेच आहे. रशियन दिग्दर्शक कुलेशोव्ह याने क्रांतीनंतरच्या वर्षांत एक प्रयोग केल्याचे सांगतात. मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा त्याने एकदा रश्श्याच्या वाडग्याशेजारी, एकदा शवपेटीतील बालकाशेजारी आणि एकदा एका स्त्रीशेजारी जोडला. प्रेक्षकांना त्यात भूक दिसली, दुःख दिसले, अभिलाषा दिसली, आणि त्यांनी नटाची वाहवा केली! चेहरा तोच होता. भाव होता तो कात्रीत. आजच्या दैनंदिन मालिकांत हे तंत्र कामाला जुंपलेले दिसते. एका वाक्यानंतर पाच चेहरे पाळीपाळीने दाखवावयाचे आणि मागून ढोल वाजवावयाचा. तेथे नटाने काही करण्याची जरूरच उरत नाही.

तेव्हा लेखक, छायाचित्रकार, संकलक आणि नट यांचे वाटे काटेकोरपणे वेगळे करता येत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. पण म्हणून परीक्षणच अशक्य आहे असे म्हणणे ही पळवाट झाली. पोत्यातली साखर वेगळी करता येत नसली तरी ऊस कसा तोडला हे शेतात उभे राहून पाहता येतेच. तसे पाहण्याच्या काही कसोट्या आहेत.

पहिली कसोटी ऐकण्याची. संवाद बोलणारा नट सर्वांना दिसतो. समोरचा बोलत असताना ऐकणारा नट काय करतो ते पाहावे. तो आपली पाळी येण्याची वाट पाहत असेल तर तो पाठ म्हणत आहे. ऐकल्यामुळे त्याच्यात काही बदलत असेल तर तो अभिनय करीत आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेले निळू फुले यांच्याकडे या दृष्टीने पाहावे. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेलेल्या जब्बार पटेलांच्या 'सामना'त ते सहकाराच्या जोरावर गाव मुठीत ठेवणारे हिंदुराव धोंडे पाटील झाले. त्याच दिग्दर्शकाच्या १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये ते दिगू टिपणीस हा पत्रकार झाले. हिंदुरावाचे ऐकणे हे सावजाचा अंदाज घेणाऱ्याचे ऐकणे आहे. दिगूचे ऐकणे हे सगळे कळत असून काहीच करता न येणाऱ्याचे ऐकणे आहे. शरीर एक, कान तेच, पण ऐकण्याच्या दोन जाती. पुढे व्यवसायाने त्यांच्याकडून इरसाल पाटील आणि सरपंच इतक्या वेळा करून घेतले की खेड्यापाड्यांतील बाया त्यांना प्रत्यक्षात पाहूनही बिचकत. याला कोणी यश म्हणेल. पण ज्या बाजाराने दिगू टिपणीस पाहूनही पाटीलच मागितला, त्याने त्या नटाचा अर्धाच अभिनय विकत घेतला, हे विसरता कामा नये.

दुसरी कसोटी काटकसरीची. याचे उदाहरण नगरचेच आहे. १९५० साली या शहरात जन्मलेले गणेशकुमार नरवोडे रंगभूमीवर सदाशिव अमरापूरकर झाले. '२२ जून १८९७' या चित्रपटात त्यांनी टिळकांची भूमिका केली, १९८३ साली तेंडुलकरांचे 'कन्यादान' हे नाटक दिग्दर्शित केले, आणि त्याच वर्षी 'अर्धसत्य'मधील रामा शेट्टी म्हणून ते देशाला ठाऊक झाले. शेट्टीच्या वाट्याला प्रसंग थोडे आहेत. हिंदी पडद्यावरचा खलनायक तोवर गर्जना करीत असे. हा आवाज चढवीत नाही. ज्याच्या खिशात महानगरपालिका येऊ घातली आहे त्याला ओरडण्याचे कारण काय? फौजदार अटक करावयास आला असता शेट्टीच्या बसण्यात जी सैल बेफिकिरी आहे, तीतून सत्तेचा उगम कोठे आहे ते प्रेक्षकाला उमगते. नटाने कमी केले म्हणून समाज अधिक दिसला. काटकसर म्हणावयाची ती ही. येथे फिल्मफेअरने सहायक अभिनेत्याचा पुरस्कार त्यांनाच दिला, आणि या निकालाची कारणे पडद्यावर सापडतात.

तिसरी कसोटी प्रामुख्याने प्रेक्षकाची आहे, आणि या व्याख्यानाचा खरा विषय तोच आहे. नागराज मंजुळे यांनी याच शहरातील न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचे शिक्षण घेत असताना 'पिस्तुल्या' हा लघुपट केला, आणि त्याला पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतरच्या 'फँड्री'त जब्याची भूमिका करणाऱ्या सोमनाथ अवघडे या मुलाला २०१३ सालचा बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या वेळी आणि पुढे 'सैराट'च्या वेळीही सुशिक्षित वर्तुळांत एक शेरा वारंवार ऐकू येई : "यात अभिनय कसला? ती मुले तशीच आहेत." शहरी नट खेडवळ भूमिका करतो तेव्हा मात्र हीच मंडळी त्याने बोली किती हुबेहूब उचलली म्हणून थक्क होतात. म्हणजे कातडे पांघरले तर ती कला, आणि ज्याचे कातडे त्याने ते दाखविले तर तो निसर्ग! शेतमजूर बाईच्या खुरपणीला 'कौशल्य नसलेले काम' ठरविणारा हिशेब तो हाच. वाकून पाहिलेच नाही तर कौशल्य दिसणार कोठून?

'फँड्री'त शाळेजवळ डुक्कर धरण्याचा प्रसंग आहे. आवडती मुलगी पाहील म्हणून जब्या लपतो. इतक्यात राष्ट्रगीत सुरू होते, सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते, आणि डुक्कर समोरून निघून जाते. त्या स्तब्धतेत लाज आहे, संताप आहे आणि शिस्तही आहे. चित्रपट तुकड्यातुकड्यांनी आणि उलटसुलट क्रमाने चित्रित होतो, दिवे लागतात, माणसे भोवती उभी असतात, आणि सांगितल्या क्षणी तीच लाज पुन्हा अंगात आणावी लागते. केवळ 'तसा असण्याने' हे साधत नाही. ज्याने लाज भोगली आहे तो ती दाखवू इच्छीत नाही, लपवू पाहतो. ती चार लोकांसमोर पुन्हा काढून देणे हे श्रमाचे काम आहे. त्याच चौकटीत बापाच्या भूमिकेत किशोर कदम यांच्यासारखे रंगभूमीवर घडलेले नट आहेत. शिकलेला कोण आणि न शिकलेला कोण, हा जोड तेथे दिसत नाही, आणि याचे श्रेय दोघांनाही द्यावे लागते. अर्थात एका भूमिकेवरून कोणाला थोर नट म्हणू नये, हा सावधपणा रास्तच आहे. पण तो सर्वांना सारखाच लावला पाहिजे.

आता थोडे आपल्या घराविषयी. अच्युतराव आणि रावसाहेब पटवर्धनांच्या या गावात समाजवादी श्रोत्यांना हे सांगण्यास हरकत नसावी की आपल्या परीक्षणातही एक खोट आहे. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, अमरापूरकर ही मंडळी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करीत गावोगाव हिंडली. अमरापूरकर तर अखेरपर्यंत चळवळींच्या पाठीशी राहिले. मरणाच्याच वर्षी, २०१४ च्या होळीला, पाण्याच्या नासाडीला हरकत घेतली म्हणून मुंबईत त्यांना मारहाण झाली. अशा माणसांविषयी आदर वाटणे साहजिक आहे. परंतु चांगला नागरिक म्हणून त्याला चांगला नट ठरविणे ही बाजारभावाची दुसरी बाजू होय. तेथे पैसा मोजला जातो, येथे पुण्य. अभिनय दोन्हीकडे न मोजलेलाच राहतो.

'सडक'चे उदाहरण या दृष्टीने विचार करावयास लावणारे आहे. १९९१ च्या या चित्रपटात अमरापूरकरांनी कुंटणखाना चालविणारा तृतीयपंथी 'महारानी' उभा केला, आणि नकारात्मक भूमिकेसाठी फिल्मफेअरने नव्याने सुरू केलेला पुरस्कार पहिल्या वर्षी त्यांनाच मिळाला. त्यातील आवाजाचा वापर, देहाची लकब, हास्यातून एकाएकी डोकावणारे क्रौर्य, यांत नटाची तयारी निर्विवाद आहे. पण आधीच हेटाळणी सोसणाऱ्या समूहाची जी प्रतिमा त्या भूमिकेने लोकांच्या मनात पक्की केली, तिचे काय? कौशल्य थोर होते म्हणून प्रतिमा निर्दोष ठरत नाही, आणि प्रतिमा सदोष आहे म्हणून कौशल्य खोटे ठरत नाही. हे दोन हिशेब दोन वह्यांत लिहावे लागतात. प्रामाणिक टीकाकाराने दोन्ही वह्या उघड्या ठेवाव्यात.

शेवटी, २०१३ च्या 'बॉम्बे टॉकीज'मधील दिबाकर बॅनर्जी यांच्या भागाचा उल्लेख करून हे विवेचन संपविणे योग्य होईल. सत्यजित राय यांच्या पटोलबाबूंच्या कथेवर तो आधारलेला आहे. अपयशी नटाला चित्रीकरणात एक क्षुल्लक काम मिळते. नायकाने त्याला धक्का द्यावयाचा, आणि त्याने एक उद्गार काढावयाचा, एवढेच. तो खट्टू होतो. तेव्हा त्याचा दिवंगत गुरू त्याच्यापुढे अवतरतो आणि त्याची कानउघाडणी करतो. नट नवाजुद्दीन सिद्दीकी, गुरू सदाशिव अमरापूरकर. मग तो माणूस त्या एका उद्गाराची तालीम करतो, धक्का खातो, आणि मजुरी न घेताच निघून जातो.

अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात ही वागणूक बसणार नाही. येथे कोणी असा गैरसमज करून घेऊ नये की कलावंताने मोबदला मागू नये. मागावा, आणि संघटित होऊन मागावा. छोट्या भूमिका करणाऱ्यांचे पैसे बुडविले जातात तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिलेच पाहिजे. पण आपण केलेले काम चांगले झाले की नाही, याचा निकाल त्या माणसाने रोखपालाच्या खिडकीवर सोपविला नाही, एवढाच त्या कथेचा बोध आहे.

उद्या या रंगमंचावर स्पर्धेचा पडदा उघडेल. निकाल लागेल, कोणाला ढाल मिळेल, कोणाला मिळणार नाही. प्रेक्षागृहात बसणाऱ्यांनी एकच करावे. बोलणाऱ्या नटावरून नजर काढून क्षणभर ऐकणाऱ्याकडे पाहावे, आणि कोपऱ्यात पाण्याचा तांब्या घेऊन उभा असलेल्या, एकही वाक्य नसलेल्या पोराकडेही पाहावे. तो तांब्या भरलेला आहे की रिकामा, हे त्याच्या मनगटावरून कळले, तर त्या पोराला अभिनय येतो. आणि ते आपल्याला दिसले, तर आपल्याला तो पाहता येतो.