१७०७ : पारडे कुणाचे जड होते?

आपले नांदगाव हे वाटांवरचे गाव. उत्तरेला खानदेश, पूर्वेला मराठवाडा, पश्चिमेला नाशिक. एके काळी वेरूळची लेणी पाहायला निघालेले प्रवासी रेल्वेने इथे उतरत आणि पुढचा पल्ला टांग्याने गाठत. मी आज ज्या प्रवाशाबद्दल बोलणार आहे तो रेल्वेच्या दीडशे वर्षे आधीचा. १७०७ साली तो आपल्या शेजारच्या मुलखातून दक्षिणेकडे निघाला होता. वय पंचवीस. सातव्या वर्षी रायगडावर मोगलांच्या हाती पडलेला आणि सतरा वर्षांहून अधिक काळ शत्रूच्या छावणीत वाढलेला. संभाजीराजांचा मुलगा, शाहू.

३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ औरंगजेब वारला. तख्तासाठी उत्तरेकडे निघालेल्या त्याच्या मुलाने, आझमशहाने, मे महिन्यात शाहूंना वाटेतच सोडले. मोगल सरदार झुल्फिकारखानाचा सल्ला तसाच होता : हा परत गेला की मराठ्यांत दोन तट पडतील. आई येसूबाई मात्र ओलीस राहिल्या. जे सव्वीस वर्षांच्या स्वारीने साधले नाही, ते एका सुटकेने साधेल, असा दिल्लीचा हिशेब होता.

आपण आज तोच हिशेब मांडून पाहू. यादवी पेटली त्या दिवशी कोणाकडे काय होते?

ताराबाईंचे पारडे आधी पाहू. हंबीरराव मोहित्यांची ही कन्या तेव्हा बत्तीस वर्षांची होती. १७०० मध्ये राजाराम महाराज गेले तेव्हापासून सात वर्षे तिने औरंगजेबाशी झुंज दिली. एक तरुण विधवा, मांडीवर लहान मुलगा, आणि समोर हिंदुस्थानचा बादशहा. या बाईपुढे कोणाही मराठी माणसाने नतमस्तक व्हावे. गेलेले किल्ले तिच्या माणसांनी एकामागून एक परत घेतले. तिच्या बाजूला सेनापती धनाजी जाधव, प्रतिनिधी परशुराम त्रिंबक, अमात्य रामचंद्रपंत, सचिव शंकराजी नारायण, चिटणीस खंडो बल्लाळ, आणि समुद्रावर कान्होजी आंग्रे. किल्ले तिचे, फौज तिची, कारभार तिचा, दर्या तिचा.

शाहूंच्या पारड्यात काय होते? सुटले तेव्हा मूठभर सोबती. ना किल्ला, ना खजिना. खानदेशात लामकानीला मुक्काम पडला आणि तिथे हळूहळू माणसे जमू लागली. वऱ्हाडाकडून परसोजी भोसले आले, नेमाजी शिंदे आले, हैबतराव निंबाळकर आले. तरी बेरीज केली तर ताराबाईंच्या निम्म्यानेही भरत नव्हती.

कागदावर निकाल लागलेलाच होता. पण आपल्या शेतकऱ्याला विचारा, भाऊबंदकीत बांध कोणाकडे जातो? ज्याच्याकडे बैलजोड्या जास्त त्याच्याकडे? नाही. गाव आधी विचारते : वडिलोपार्जित कोणाचे? १७०७ मध्ये फौजेतल्या प्रत्येक माणसाच्या मनात हाच प्रश्न होता.

ताराबाईंचे उत्तर साधे होते. संभाजीराजांच्या वेळी राज्य गेले. आता आहे ते माझ्या नवऱ्याने आणि मी नव्याने उभे केले. म्हणून ते माझ्या मुलाचे. या म्हणण्यात वजन होते, कारण त्यामागे सात वर्षांचे रक्त होते. शाहूंचे उत्तरही साधे : मी थोरल्या पातीचा, गादी माझी, काकांनी ती माझ्या वतीने सांभाळली. दोन्ही बाजू खऱ्या वाटाव्यात अशा होत्या. यादवी यालाच म्हणतात. जिथे एक बाजू उघड खोटी असते, तिथे बंड होते. यादवी होत नाही.

मग ताराबाईंनी दुसरा मुद्दा काढला : हा शाहू नव्हेच, तोतया आहे. इथे दोन ताटे शेजारी ठेवून पाहा. ताराबाईंनी आपल्या सरदारांना दूधभातावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, असे बखरी सांगतात. आणि इकडे परसोजी भोसले शाहूंच्या पंक्तीला बसले, त्यांच्याच ताटात जेवले. तोतयाच्या ताटात कोणी कुळवंत मराठा जेवत नाही, हे सगळ्या मुलखाला कळत होते. पहिल्या ताटावर शपथ घ्यावी लागली. दुसऱ्या ताटात माणूस आपणहून जेवला. माझ्या मते यादवीचा निकाल तिथेच दिसू लागला होता. ज्या बाजूला आपल्याच माणसांकडून शपथा घ्याव्या लागतात, तिने आपली फौज मोजताना हात आखडता घ्यावा.

१२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमेच्या काठी खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. धनाजी जाधवांनी आधीच शाहूंची पारख करून घेतली होती. बोलणी करणाऱ्यांत बाळाजी विश्वनाथ होते आणि खंडो बल्लाळही होते. या खंडो बल्लाळांचे वडील बाळाजी आवजी. त्यांना संभाजीराजांनी देहान्त दिला होता. ज्याने आपला बाप मारला, त्याच्याच मुलासाठी हा माणूस उभा राहिला. वैराचा हिशेब मांडणाऱ्याला असा माणूस मोजताच येत नाही. लढाई उभी राहिली ती नावापुरती. धनाजी शाहूंना मिळाले, परशुरामपंतांना साताऱ्याकडे माघार घ्यावी लागली. सातारा पडला, आणि १२ जानेवारी १७०८ रोजी शाहूंचा राज्याभिषेक झाला.

महाभारतात युद्धाआधी अक्षौहिणी मोजल्या आहेत, अकरा विरुद्ध सात. पण पहिला बाण सुटण्याआधी युधिष्ठिराने हाक दिली, ज्याला इकडे यायचे त्याने यावे, आणि युयुत्सु रांग ओलांडून आला. कौरवांकडून लढणाऱ्या भीष्म-द्रोणांची मनेही कुठे होती, ते आपण जाणतो. व्यासांनी आकडे दिले आणि आकड्यांत न मावणारे तेही सांगितले.

आकडे कधीच उपयोगी पडत नाहीत, असे मी म्हणणार नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, आणि तिच्यामुळे आपल्या खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तिथे उत्तरेकडे दक्षिणेच्या दुपटीहून जास्त माणसे, कारखाने आणि रेल्वे होती. चार वर्षांनी तेच आकडे जिंकले. कारण तिथल्या दोन्ही बाजू नकाशावर वेगळ्या होत्या आणि बहुतेक माणसे आपापल्या बाजूला राहिली. आपल्याकडे सीमा नकाशावर नव्हतीच. ती एकाच छावणीतून, एकाच घरातून जात होती.

आता मुख्य गोष्ट. ताराबाई औरंगजेबाला पुरून उरल्या त्या कशाच्या बळावर? आपल्या बुद्धीने चालणाऱ्या, हुकमाची वाट न पाहणाऱ्या सरदारांच्या. तोच गुण भाऊबंदकीत त्यांच्यावर उलटला. जो सरदार परक्याशी लढताना स्वतः निर्णय घेतो, तो धनी निवडतानाही स्वतःच निर्णय घेतो. ताराबाई चुकल्या म्हणून हरल्या, असे मला वाटत नाही. ज्या बळाने त्या जिंकल्या, तेच बळ त्यांना सोडून गेले.

शाहूंनाही विजय फुकट मिळाला नाही. आलेल्या सरदारांना राखायचे तर वतने आणि मुलूख द्यावे लागले. पुढच्या मराठा सत्तेत सरदार मोठे आणि छत्रपती नावापुरते, अशी जी घडण झाली, तिचे एक मूळ या यादवीत आहे. १७११ मध्ये धनाजींचा मुलगा चंद्रसेन ताराबाईंकडे गेला. सातारा आणि कोल्हापूर या भोसल्यांच्या दोन गाद्यांची वाटणी पक्की व्हायला १७३१ चा वारणेचा तह उजाडला. आणि भाऊबंदकीची जखम तरीही भरली नाही. आपल्या जिल्ह्यातला धोडप किल्ला बहुतेकांनी पाहिला असेल, कड्यात खाच असलेला. १७६८ मध्ये त्याच्याच पायथ्याशी माधवराव पेशव्यांना सख्ख्या चुलत्याशी, राघोबादादांशी लढावे लागले.

एक गोष्ट सांगून थांबतो. शाहू दक्षिणेकडे येत असताना औरंगाबादकडच्या पारद गावी त्यांची वाट अडली. गढी लढली, पाटील लोखंडे मारला गेला. त्याच्या विधवेने आपले लहान मूल आणून शाहूंच्या पालखीत टाकले. शाहूंनी ते उचलून घेतले आणि पहिल्या फत्तेची आठवण म्हणून त्याचे नाव फत्तेसिंग ठेवले. अक्कलकोटच्या भोसल्यांचे घराणे त्याच्यापासून सुरू झाले.

मुलगा वाढला, घराणे मोठे झाले, हे शाहूंच्या मनाचे मोठेपण. पण पाटील? तो ना ताराबाईंच्या दरबारी होता, ना शाहूंच्या पंक्तीला. आपले गाव राखताना तो पडला. दोन बाजूंची तुलना करताना आपण किल्ले मोजतो, फौजा मोजतो, हक्क मोजतो. त्या दोन रकान्यांत न बसणारा हा माणूस तेवढा मोजायचा राहतो. तुमच्या-माझ्या गावातला तो पाटील आपण आज मोजला, एवढ्यासाठीच हा विषय मी नांदगावात मांडला.