मेन कॅप : क्रँकच्या खालचं लोखंड



गाडीची ताकद वाढवायची म्हटलं की बोलणं टर्बोवर जातं, कॅमवर जातं, फार तर पिस्टनपाशी येऊन थांबतं. आज मी बोलणार आहे ते खालचं तेलाचं चेंबर खोलल्याशिवाय नजरेलाही न पडणाऱ्या पाच लोखंडी तुकड्यांबद्दल, म्हणजे मेन कॅपांबद्दल. मुंढव्याला भारत फोर्जमध्ये क्रँकशाफ्ट घडतात, त्यामुळे क्रँकचं अप्रूप पुणेकरांना सांगायला नको. पण तो क्रँक ज्या कॅपांवर भार टाकून फिरतो, त्यांची चौकशी सहसा कोणी करत नाही. ब्लॉकमध्ये वरच्या बाजूला अर्धगोल बैठका असतात, खालून कॅप बोल्टने आवळतात आणि दोघांच्या मधल्या पूर्ण गोलात बेअरिंगच्या वाट्या बसतात. रचना एवढीच.

उदाहरणाला मी अमेरिकेतलं शेवरोलेचं स्मॉल-ब्लॉक व्ही-8 घेतो. ते 1955 साली 265 घनइंचांचं आलं आणि 1967 मध्ये त्याचं 350 घनइंची, म्हणजे 5.7 लिटरचं भावंड आलं. तिकडच्या हौशी आणि धंदेवाईक इंजिन-बांधकांनी याच्याइतकं दुसरं कोणतं इंजिन उघडलं असेल असं मला वाटत नाही. मेन कॅपच्या बाबतीत जे जे करून पाहता येतं, ते ते या ब्लॉकवर झालेलं आहे.

आधी थोडा हिशेब करू. 350 च्या सिलिंडरचा बोअर 4 इंच, म्हणजे पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ सुमारे 81 चौरस सेंटिमीटर. जरा तयार केलेल्या इंजिनात स्फोटाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 70 किलो धरला, तर एका पिस्टनवर साडेपाच टनांहून जास्त भार येतो. हा भार कनेक्टिंग रॉडमधून क्रँकवर आणि क्रँकमधून शेजारच्या मेन कॅपांवर उतरतो. मिनिटाला 6000 फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडरमध्ये हे सेकंदाला 50 वेळा घडतं, आणि सिलिंडर आठ आहेत.

हा भार सरळ खाली आला असता तर दोन बोल्टांनी तो सुखाने पेलला असता. पण व्ही-8 मध्ये सिलिंडरच्या दोन रांगा उभ्या रेषेपासून 45-45 अंश कललेल्या असतात. एका रांगेतला पिस्टन कॅपला खाली आणि एका बाजूला ढकलतो, लगेच दुसऱ्या रांगेतला उलट बाजूला. कॅपला आडवं सरकू न देण्याचं काम दोनच गोष्टी करतात: ब्लॉकमधली खाच, जिच्यात कॅपच्या कडा घट्ट बसतात, आणि बोल्टच्या ताणाने दोन पृष्ठभागांत आलेलं घर्षण. ताकद वाढवलेल्या इंजिनात ही दोन्ही कमी पडली की कॅप हलायला लागते. हालचाल डोळ्यांना दिसण्याइतकी नसते, पण इंजिन उतरवल्यावर कॅप उलटी करून पाहा. ब्लॉकला टेकणाऱ्या सपाट तोंडावर काळपट, खरवडल्यासारखे डाग असतात. हे डाग दिसले की नवीन बेअरिंग टाकून इंजिन बंद करणारा मेकॅनिक कामाचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवरोलेने स्वतः यावर उपाय केला होता. 350 च्या काही ब्लॉकांत मधल्या तीन कॅपांना दोनऐवजी चार बोल्ट दिले. 1969 च्या कॅमारो झेड/28 मधल्या 302 घनइंची इंजिनालाही असा ब्लॉक मिळाला. पुढची आणि मागची कॅप दोन बोल्टांचीच राहिली, कारण टोकांवर मधल्यांपेक्षा कमी सिलिंडरांचा भार येतो. जुन्या गाड्यांच्या बाजारात "फोर-बोल्ट मेन" म्हटलं की अजूनही भाव चढतो.

आणि इथेच लोक फसतात. 1970 साली आलेल्या 400 घनइंची स्मॉल-ब्लॉकला सुरुवातीची तीन वर्षं चार बोल्ट होते, 1973 पासून दोन. कागदावर पाहिलं तर आधीचा ब्लॉक चांगला. पण शर्यतीची इंजिनं बांधणारे अनेक जण दोन बोल्टांचाच 400 शोधतात, कारण कारखान्याने बाहेरच्या दोन बोल्टांसाठी पाडलेली भोकं ब्लॉकच्या पडद्यातलं, म्हणजे मेन बैठक धरणाऱ्या आडव्या भिंतीतलं, लोखंड खातात आणि तडे तिथूनच सुरू होतात. ते दोन बोल्टांचा ब्लॉक घेतात आणि त्यात पोलादी कॅप बसवतात. या कॅपचे बाहेरचे बोल्ट तिरके, बाहेरच्या अंगाला कललेले असतात, म्हणून ते पडद्याच्या जाड भागात जाऊन धरतात. मिलोडॉनसारख्या कंपन्या अशा कॅप विकतात. बोल्ट किती आहेत यापेक्षा ते कुठल्या लोखंडात रुतले आहेत हे पाहायचं असतं.

फोर्ड आणि क्रायस्लरने दुसरी वाट धरली. फोर्डच्या 427 मध्ये 1963 साली आणि क्रायस्लरच्या 426 हेमीमध्ये 1964 साली ब्लॉकच्या बाजूच्या भिंतीतून आडवे बोल्ट कॅपमध्ये घातले. आडव्या धक्क्याला आडवा बोल्ट. मला ही योजना सर्वांत देखणी वाटते. जनरल मोटर्सनेही 1997 च्या एलएस-1 मध्ये प्रत्येक कॅपला चार उभे आणि दोन आडवे बोल्ट दिले.

आता खरी खर्चिक बाजू. कॅप हा सुटा भाग नाही. कारखान्यात कॅप आवळून मगच पाचही बैठकांतून एका रेषेत बोअर केला जातो, म्हणून प्रत्येक कॅप त्याच ब्लॉकची, त्याच जागेची आणि त्याच दिशेची असते. जुनी कॅप हरवली तर दुसऱ्या ब्लॉकची आणून लावता येत नाही. नवीन पोलादी कॅप मुद्दाम कमी बोअरची येते. आधी तिच्या कडा ब्लॉकच्या खाचेत घट्ट बसतील इतक्या घासायच्या, बाहेरची भोकं पाडून आटे पाडायचे, मग लाइन बोअरिंग आणि शेवटी होनिंग. 350 साठी हा बोअर 2.6406 ते 2.6415 इंचांत यायला हवा, म्हणजे सूट एका थाऊपेक्षाही, इंचाच्या हजाराव्या भागापेक्षाही, कमी. वर कॅपच्या पोलादाला आणि ब्लॉकच्या बिडाला होनिंगचा दगड सारखा कापत नाही. म्हणून बहुतेक माल बोअरिंगनेच काढून होनिंगसाठी अगदी थोडा ठेवावा, नाहीतर भोक लंबगोल होतं.

काही जण कॅप तीच ठेवून फक्त बोल्टच्या जागी स्टड घालतात. स्वस्तातला आणि चांगला उपाय आहे, पण स्टडने ताण बदलला की बोअरचा आकारही बदलतो, म्हणून मोजमाप पुन्हा आलंच. टॉर्क रेंचच्या आकड्यावरही आंधळा भरवसा नको. आपण लावलेल्या जोरातला बहुतेक भाग डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जातो, ताणासाठी उरतो तो साधारण दहावा हिस्सा. त्यामुळे स्टडच्या कंपनीने सांगितलेलं ग्रीस न लावता साधं ऑइल लावलं, तर आकडा तोच राहतो आणि ताण बदलतो.

आणखी एक परिणाम आहे, जो बिल आल्यावर कळतो. जुन्याच कॅप ठेवून लाइन होनिंग करताना कॅपचं तोंड दोन-तीन थाऊ घासतात आणि मग भोक पुन्हा गोल करतात. दगड ब्लॉकच्या बाजूनेही थोडा माल काढतो, त्यामुळे क्रँक किंचित वर, कॅमच्या दिशेने सरकतो आणि दोघांना जोडणारी टायमिंग चेन सैल पडते. अमेरिकेत यासाठी आखूड चेनचे संच मिळतात. सांगायचं काय, कॅपला हात लावला की काम चेनपर्यंत जातं.

मग हा खर्च कधी करावा? ब्यूइकच्या 1986-87 च्या ग्रँड नॅशनलमध्ये टर्बोचं 3.8 लिटरचं व्ही-6 होतं, 1987 साली 245 अश्वशक्तीचं. त्याला चार मेन बेअरिंग, आणि सगळ्या कॅप दोन बोल्टांच्या. टर्बोचा दाब बराच वाढवणारे मधल्या दोन कॅप पोलादी करून घेतात, आणि ते शहाणपणाचं आहे, कारण त्या ब्लॉकमध्ये मुळात दम आहे.

फोर्डच्या 302 चं उलट आहे. मस्टँगमध्ये वर्षानुवर्षं आलेल्या या 5 लिटरच्या ब्लॉकबद्दल बांधणारे सांगतात की 500 अश्वशक्तीच्या आसपास तो चिरायला लागतो, दोन रांगांमधल्या लिफ्टरच्या दरीतून थेट मेनच्या पडद्यांपर्यंत. कॅप शाबूत, बोल्ट शाबूत, ब्लॉकचे मात्र दोन भाग! अशा ब्लॉकवर पोलादी कॅपचा खर्च करू नये. डार्टसारख्या कंपन्या त्याच मापाचे, जाड पडद्यांचे आणि चार बोल्टांच्या कॅपचे नवे ब्लॉक ओततात, पैसे तिकडे लावावेत. आणि तो नवाकोरा ब्लॉक खोक्यातून निघाला तरी, आपले स्टड पूर्ण आवळून बोअर गेजने पाचही भोकं मोजल्याशिवाय त्यात बेअरिंग टाकू नये.