जुन्या रिव्हॉल्वरचें वय

वऱ्हाडांतील जुन्या देशमुखी वाड्यांत दसऱ्याच्या दिवशीं पाटावर शस्त्रें मांडलेलीं असतात. तलवार, कट्यार, एखादा भाला. आणि ज्या घरीं परवाना आहे तेथें क्वचित् एखादें रिव्हॉल्वरही. आदल्या दिवशीं घरांतील कोणी उत्साही पुरुष विटकरीची पूड घेऊन तें घासून लख्ख करतो. पूजा यथासांग होते खरी. परंतु त्या घासण्यांत हत्याराची जन्मपत्रिकाच पुसली जात आहे, हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

रिव्हॉल्वरची ही पत्रिका पोलादावरच उमटविलेली असते, आणि तिचीं कांहीं अक्षरें तांदळाच्या दाण्याहून मोठीं नसतात. तीं वाचावयाचीं सोडून घरोघर दंतकथेवर भिस्त ठेवली जाते. समजा, एका घराण्याच्या दोन शाखा आहेत. अमरावतीची शाखा सांगते कीं, एलिचपूरच्या छावणींतील कर्नलसाहेबानें सत्तावन सालच्या धामधुमींत पणजोबांना हें बक्षीस दिलें. अकोल्याची शाखा शपथेवर सांगते कीं, छे, तें साहेबाच्या कमरेचें हिसकावून घेतलेलें आहे. पणजोबा दोन्ही कथांत शूरच. पण एकींत इंग्रजांचे स्नेही आणि दुसरींत त्यांचे वैरी! वाड्याच्या वाटणीच्या वेळींही भाऊबंदांत एवढें वितुष्ट आलें नसेल. आणि तंटा तोडणारा साक्षीदार तर पाटावर मुकाट्यानें पडलेला असतो.

परवाना चालू आहे व हत्यार रिकामें आहे, याची जाणत्या माणसाकडून आधीं खात्री करून घ्यावी. मग गोळ्यांचें फिरतें चक्र पाहावें. अमेरिकेच्या कोल्टनें आपलीं रिव्हॉल्वरें १८५१ सालीं लंडनच्या महाप्रदर्शनांत मांडलीं. ॲडम्स या इंग्रज कारागिराचें रिव्हॉल्वरही तेथेंच लोकांपुढें आलें. सत्तावन सालीं साहेबलोकांच्या कमरेला असत तीं मुख्यतः याच जातीचीं. त्यांना आजच्यासारखें धातूचें काडतूस लागत नसे. चक्राच्या प्रत्येक घरांत पुढून दारू व गोळी ठासावयाची आणि मागें लहानशा बोंडावर तांब्याची टोपी बसवावयाची, असा तो खटाटोप होता. आपल्या पाटावरील रिव्हॉल्वरच्या चक्राचीं घरें आरपार असून मागून काडतूस भरलें जात असेल व घोड्याचा ठोका त्याच्या मध्यभागीं पडत असेल, तर सत्तावनची गोष्ट तेथेंच संपली.

त्यानंतर भिंग घेऊन नांव शोधावें. हिंदुस्थानांत आलेलीं पुष्कळ रिव्हॉल्वरें बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्याचीं. १८९७ सालीं वेब्ली, स्कॉट व एलिस या पेढ्या एक झाल्या आणि ‘वेब्ली अँड स्कॉट रिव्हॉल्वर अँड आर्म्स कंपनी’ असें लांबलचक नांव पडलें. १९०६ सालीं त्याचें ‘वेब्ली अँड स्कॉट लिमिटेड’ झालें. लांब नांव आढळलें कीं हत्यार साधारण त्या नऊ वर्षांतलें समजावें.

पण नांव फसवितेंही. ‘आर्मी अँड नेव्ही’ हीं अक्षरें विकणाऱ्या दुकानाचीं आहेत, घडविणाऱ्याचीं नव्हेत. लंडनच्या या संस्थेनें मुंबईंत आपली शाखा १८९१ सालीं उघडली होती. ‘ब्रिटिश बुलडॉग’ असें इंग्रजींत ठळक लिहिलेलें आखूड रिव्हॉल्वर बेल्जमचेंही असूं शकतें, कारण वेब्लीच्या त्या नमुन्याच्या नकला तेथें विपुल झाल्या. अशा वेळीं परीक्षेची मोहोर पाहावी. लंबवर्तुळांत ई, एल्, जी हीं अक्षरें असलीं तर तें बेल्जमच्या लिएज शहरीं तपासलें गेलें. वर मुकुट असला तर १८९३ सालीं किंवा त्यानंतर. बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाची जुनी खूण मुकुटाखालीं एकमेकांना छेदणारे दोन राजदंड; १९०४ पासून मुकुटाखालीं नुसतीं बी. पी. व बी. व्ही. हीं अक्षरें आलीं.

सर्वांत मोठी फसगत पेटंटच्या तारखेची. कोल्टच्या एका प्रसिद्ध रिव्हॉल्वरवर १८७१, १८७२ व १८७५ सालच्या तारखा आहेत, आणि तेंच रिव्हॉल्वर विसाव्या शतकांतही कित्येक वर्षें तयार होत होतें. त्या तारखा कल्पनेच्या हक्काच्या. हत्याराच्या जन्माच्या नव्हेत. सुशिक्षित माणसेंही येथें हटकून चुकतात.

आतां त्या दोन शाखांकडे वळूं. कर्नलसाहेबाची फौज म्हणजे हैदराबाद कंटिंजंट. तिच्याच खर्चाच्या पायीं १८५३ च्या तहानें वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें, आणि १९०३ सालीं ती फौज हिंदी सैन्यांत विलीन झाली. म्हणजे त्या साहेबानें कधींही दिलेलें हत्यार १९०३ नंतरचें असणें शक्य नाहीं. समजा, भिंगाखालीं वरच्या पट्टीवर ‘मार्क सहावा’, बाजूस १९१७ हा आंकडा आणि सरकारी बाणाची खूण निघाली. वेब्लीचा हा सहावा नमुना सैन्यानें स्वीकारला तोच मुळीं १९१५ सालीं, पहिल्या महायुद्धांत. कर्नलसाहेब गेला, सत्तावनही गेलें. अमरावतीकर व अकोलेकर दोघेही एकाच फटक्यांत निरुत्तर!

मग तें वाड्यांत आणलें कोणीं? येथें उपयोग क्रमांकाचा. कलकत्त्याच्या रॉडा कंपनीचीं ५० मॉझर पिस्तुलें २६ ऑगस्ट १९१४ रोजीं क्रांतिकारकांनीं पळविलीं. त्यांचे क्रमांक नोंदलेले असल्यामुळें पुढें पोलिसांना तीं हुडकतां आलीं. रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालांत ५४ घटनांशीं त्यांचा संबंध जोडलेला असून ३१ पिस्तुलें परत मिळाल्याची नोंद आहे. घरच्या हत्याराचा क्रमांकही परवान्यावर लिहिलेला असतो. तो कागद पणजोबांच्या नांवाचा कीं आजोबांच्या, त्यावरील पहिली तारीख कोणती, हें दप्तराच्या पेटींत शोधावयाचें. १९५९ च्या शस्त्रकायद्यानें असे क्रमांक व खुणा पुसण्यास मनाई केलेली आहे; तेव्हां दसऱ्याला विटकरीची पूड बाजूस ठेवून मऊ फडक्यानें तेलाचा पातळ हात फिरवावा, आणि हळदकुंकू वाहावयाचें तें मुठीला.