पोटातली भिंत कोण सांभाळतं?

आजचा विषय पोटाचा. रील्स बघत असाल तर ‘लीकी गट बरं करा, रोज एक कॅप्सूल घ्या’ असं काहीतरी तुमच्यासमोर आलंच असेल. मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. त्यामुळे आज औषध सांगणार नाही. प्रीबायोटिक आणि प्रोबायोटिक एकत्र घेतल्यावर काय होतं आणि त्याला पुरावा काय, एवढंच बघू.

आधी भिंत समजून घेऊया. आतड्याच्या आतलं अस्तर म्हणजे पेशींचा थर, तोही फक्त एका पेशीच्या जाडीचा. अलीकडे अन्न आणि अब्जावधी जिवाणू, पलीकडे रक्त. शेजारच्या पेशी एकमेकींना प्रथिनांनी घट्ट जोडलेल्या असतात, त्या जोडांना टाइट जंक्शन म्हणतात. वरून बुळबुळीत श्लेष्माचा लेप. यातल्या बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात. म्हणजे या भिंतीची डागडुजी कायम चालूच असते.

आता या दोघांचं काम. प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येत पोटात गेले तर फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. प्रीबायोटिक म्हणजे त्यांचं खाणं. हे आपल्याला पचत नाही, पण उपयोगी जिवाणूंना चालतं. कांदा, लसूण, केळं, गहू यांत असे घटक असतात. लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू आम्ल तयार करतात, त्यामुळे घातक जंतूंना जम बसवणं अवघड जातं. मोठ्या आतड्यातले काही जिवाणू तंतूंपासून ब्युटिरेट बनवतात आणि तिथल्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन तेच असतं. उलट, तंतू मिळालेच नाहीत तर काही जिवाणू श्लेष्माचा लेपच खायला लागतात, हे उंदरांवरच्या प्रयोगात दिसलंय. जिवाणू आणि त्यांचं खाणं एकत्र दिलं की त्याला सिनबायोटिक म्हणतात.

हे खरंच चालतं का? सगळ्यात दमदार उदाहरण आपल्याच देशातलं आहे. ओडिशातल्या खेड्यांमध्ये डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या गटाने 4,556 नवजात बाळांवर चाचणी केली. 2017 मध्ये ती ‘नेचर’मध्ये छापून आली. नवजात बाळाचं अस्तर कच्चं असतं. जंतू ते ओलांडून रक्तात गेले तर सेप्सिस होतो आणि त्यात जीव जाऊ शकतो. अर्ध्या बाळांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम आणि फ्रुक्टो-ओलिगोसॅकराइड दिलं, बाकीच्यांना नुसती दिसायला तशीच पूड. पहिल्या दोन महिन्यांत सेप्सिस किंवा मृत्यूचं प्रमाण साध्या पुडीच्या गटात 9 टक्के होतं, तर सिनबायोटिक गटात 5.4 टक्के. म्हणजे शंभर बाळांमागे तीन-चार बाळांच्या बाबतीत सेप्सिस किंवा मृत्यू टळला. तेही एका आठवड्याच्या, स्वस्तातल्या डोसमुळे!

पण थांबा, लगेच ऑर्डर टाकू नका. आमच्याकडे एकाच रिलीजमध्ये दोन बदल केले आणि ॲप सुधारलं, तर कुठल्या बदलाने ते सांगता येत नाही. इथेही तसंच. जिवाणू आणि त्यांचं खाणं वेगवेगळं देऊन बघितलं नव्हतं, त्यामुळे श्रेय कुणाला किती द्यायचं ते या चाचणीतून कळत नाही. शिवाय ही बाळं 2 किलो किंवा त्याहून जास्त वजनाची, पूर्ण किंवा जवळपास पूर्ण दिवसांची आणि स्तनपान घेणारी होती. हा निकाल उचलून तुमच्या-माझ्या ॲसिडिटीला लावता येणार नाही.

दुसरी बाजूही ऐका. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाला तीव्र सूज आलेल्या गंभीर रुग्णांना प्रोबायोटिकचं मिश्रण नळीतून दिलं गेलं. 2008 मध्ये निकाल आला: मिश्रण घेतलेल्यांपैकी 16 टक्के दगावले, न घेतलेल्यांपैकी 6 टक्के. मिश्रणाच्या गटात काहींच्या आतड्याचा रक्तपुरवठाच बिघडला होता. म्हणून घरात कुणी गंभीर आजारी असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा बाळ कमी दिवसांचं असेल, तर ‘नैसर्गिकच आहे, काय होतंय’ म्हणून स्वतःच्या मनाने सॅशे देऊ नका. आधी डॉक्टरांना विचारा.

मग धडधाकट माणसाने काय करायचं? ताटाकडे बघा. दही-भाताबरोबर कच्चा कांदा, ताकाबरोबर ज्वारीची भाकरी आणि उसळ. जिवाणू आणि तंतू दोन्ही आले. घरच्या दह्यात नेमके कुठले जिवाणू आहेत ते माहीत नसतं, त्यामुळे त्याला औषध म्हणता येत नाही. पण अन्न म्हणून ते उत्तमच आहे. एक लक्षात ठेवा: ताकाची कढी उकळली की त्यातले जिवाणू मरतात. आणि तंतू हळूहळू वाढवा, नाहीतर पोट फुगेल आणि शिव्या मला बसतील! आयबीएसचा त्रास असलेल्यांना कांदा-लसूण सोसत नसेल, तर जबरदस्ती नको.

कॅप्सूल घ्यायचीच असेल तर डबीवर तीन गोष्टी शोधा. जिवाणूचं पूर्ण नाव स्ट्रेनसकट, एक्सपायरीपर्यंत जिवंत राहणारी संख्या आणि साठवणीचं तापमान. नुसतं ‘गट हेल्थ’ लिहिलंय? ठेवा परत शेल्फवर.

आजच्यापुरतं इतकंच. घरात तान्हं बाळ असलेल्या मित्राला हा एपिसोड नक्की पाठवा, आणि विशेषतः कमी दिवसांच्या बाळाचं डॉक्टरांना विचारायचं वाक्य त्याला दोनदा ऐकवा. भेटू पुढच्या भागात!